आपल्याच रक्ताची उसनवारी

चोरी कशास म्हणावे याविषयी सामान्यतः कोणाच्या मनात संदेह नसतो. दुसऱ्याची वस्तू त्याच्या नकळत उचलणे म्हणजे चोरी. पण ज्याची वस्तू त्यानेच घेतली, आपल्याच घरातून काढून काही दिवसांनी आपल्याच घरात परत आणली, तर तीस चोरी म्हणता येईल काय? प्रश्न वरवर पाहता बालिश वाटेल. तथापि गेली सुमारे पन्नास वर्षे क्रीडाजगतातील एक मोठा वाद नेमका याच प्रश्नाभोवती फिरत आहे. लांब पल्ल्याची धाव, सायकलींची शर्यत, बर्फावरील स्की यांसारख्या दमसासाच्या खेळांत काही खेळाडू स्पर्धेच्या काही आठवडे आधी स्वतःचे रक्त काढून ठेवतात आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर ते पुन्हा स्वतःच्या शिरेत भरून घेतात. यासच ब्लड डोपिंग म्हणतात. रक्त त्याचे, शीर त्याची, धावणारे पायही त्याचेच. मग यात अपराध कोणता, आणि कोणाचा? या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करावा असे आम्हांस वाटते, कारण त्याचे उत्तर खेळाच्या मैदानापुरते राहत नाही.

प्रथम या क्रियेमागील शास्त्र थोडक्यात पाहू. माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील तांबड्या पेशी फुप्फुसांतून प्राणवायू उचलतात आणि तो स्नायूंपर्यंत पोहोचवितात. रक्ताच्या एकंदर आकारमानात या पेशींचा जो वाटा असतो त्यास हिमॅटोक्रिट म्हणतात. निरोगी पुरुषात तो साधारणतः ४० ते ५० टक्के असतो. शंभर मीटरची धाव काही सेकंदांत संपते. तेथे हा वाटा फारसा निर्णायक ठरत नाही. परंतु तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतीत स्नायूंना किती प्राणवायू मिळतो यावर बरेच काही अवलंबून असते. उंचावर, विरळ हवेत राहणाऱ्यांच्या शरीरात बहुधा या पेशी निसर्गतःच वाढतात. १९६८ चे ऑलिंपिक समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवरील मेक्सिको शहरात भरले. त्या वेळी केनियाचे किपचोगे केनो व नफ्ताली टेमू आणि इथिओपियाचा मामो वोल्डे या पठारी प्रदेशातील धावपटूंनी अनुक्रमे १५०० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन या शर्यती जिंकल्या, आणि उंची व दम यांच्या नात्याकडे जगाचे लक्ष गेले.

चारच वर्षांनी, १९७२ साली, स्वीडनमधील ब्यॉर्न एकब्लोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही निरोगी तरुणांचे रक्त काढून साठविण्यात आले. दरम्यानच्या काळात त्यांच्या शरीराने ती तूट भरून काढली, आणि मग साठविलेल्या पेशी त्यांच्याच शरीरात परत सोडण्यात आल्या. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एका रात्रीत सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. जे साधण्यासाठी धावपटूंना महिनोन्‌महिने घाम गाळावा लागतो, ते येथे एका पिशवीने साधले. शास्त्रज्ञांचा हेतू ज्ञानाचा होता. पण असे ज्ञान प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहत नाही.

१९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या कार्लो मानिंका याने १०,००० मीटरमध्ये रौप्य व ५००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले आणि आपण रक्त भरून घेतले होते हे पुढे स्वतःच सांगितले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सायकलपटूंपैकी काहींनी हाच मार्ग धरला. स्वतःचे रक्त साठवून ठेवण्याइतका अवधी उरला नव्हता, म्हणून काहींनी जवळच्या नातलगांचे रक्त घेतले. ते अंगी न लागल्याने काही जण आजारी पडले. पथकाने मात्र एकूण ९ पदके मिळविली. हे वाचताना महाभारतातील ययातीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ती कथा मराठी घरांत विशेषच परिचयाची आहे. पुत्राचे तारुण्य मागून घेणारा तो राजा आणि भावाचे रक्त मागून घेणारा हा सायकलपटू यांत अंतर फार नाही. तथापि ययातीने भर दरबारात मागितले होते. येथील व्यवहार बंद खोलीत झाला.

त्यानंतर दोनएक वर्षांच्या आतच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या क्रियेवर बंदी घातली. पण तेवढ्यात एक नवे साधन पुढे आले. मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपॉयटिन नावाचे एक संप्रेरक अस्थिमज्जेस तांबड्या पेशी बनविण्याची आज्ञा देते. मूत्रपिंडे निकामी झाली की ही आज्ञा थांबते आणि रुग्ण पांढराफटक पडत जातो. हे संप्रेरक कृत्रिम रीतीने तयार करण्यात शास्त्रज्ञांना यश आले आणि १९८९ साली अमेरिकेत त्याचा औषध म्हणून वापर करण्यास मान्यता मिळाली. डायलिसिसवर असलेल्या लाखो रुग्णांना या औषधाने मोठा आधार दिला. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना हे इंजेक्शन ठाऊक असेल. जिना चढताना धापा टाकणारा माणूस त्यामुळे पुन्हा हिंडूफिरू लागतो. तेच औषध ईपीओ या संक्षिप्त नावाने सायकलपटूंच्या खोल्यांत जाऊन पोहोचले. १९९० साली त्यावर बंदी आली, पण ते ओळखण्याची खात्रीची चाचणी २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या वेळी प्रथम वापरात आली. मधली १० वर्षे नियम होता आणि पुरावा नव्हता. १९९६ साली तूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत जिंकणाऱ्या डेन्मार्कच्या ब्यार्ने रीस याने त्या काळात आपण ईपीओ घेत होतो हे २००७ मध्ये मान्य केले.

यातील धोके कल्पनेतील नाहीत. पेशींचे प्रमाण वाढले की रक्त घट्ट होते. उन्हातान्हात पाच-सहा तास सायकल हाणणाऱ्याच्या अंगातील पाणी घामावाटे जाते, म्हणजे ते रक्त आणखी दाट होते. अशा रक्तात गुठळ्या होण्याचा संभव वाढतो. गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात, हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकली तर झटका, फुप्फुसात गेली तर मृत्यू. मुरलेल्या खेळाडूची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला चाळीसच्या आसपास असू शकते. झोपेत ती आणखी मंदावते आणि दाट रक्त अधिकच रेंगाळते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलंड्स व बेल्जियम येथील काही तरुण सायकलपटूंच्या आकस्मिक मृत्यूंबाबत ईपीओचा संशय घेतला गेला. तो सिद्ध झाला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. रक्त साठविण्यातील धोका तर याहून उघड आहे. रक्तपेढीत ते ठरावीक तापमानात ठेवतात, तपासतात, मुदत पाळतात. हॉटेलच्या खोलीत किंवा घरच्या फ्रीजमध्ये यांपैकी कशाचीही शाश्वती नसते. अमेरिकेच्या टायलर हॅमिल्टन याने आपल्या आत्मकथनात बिघडलेले रक्त अंगात गेल्यानंतरच्या तापाचे आणि काळसर-लाल लघवीचे वर्णन केले आहे. २०११ च्या फेब्रुवारीत इटलीचा रिकार्दो रिको अत्यवस्थ होऊन रुग्णालयात दाखल झाला. घरच्या फ्रीजमध्ये ठेवलेले स्वतःचेच रक्त त्याने भरून घेतल्याचे चौकशीत पुढे आले. त्याने ते नाकारले, पण २०१२ साली त्याच्यावर १२ वर्षांची बंदी घालण्यात आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे कृत्य वाईट का? बहुतेक जण पहिले उत्तर देतात ते प्रकृतीचे: त्याने जीव जाऊ शकतो म्हणून. उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. शिखर चढणाऱ्याचाही जीव जाऊ शकतो. मुष्टियोद्ध्याच्या मेंदूस इजा होते. त्यांस आपण वीर म्हणतो. प्रौढ माणसाने स्वतःचा जीव जाणूनबुजून पणास लावला तर त्यास फार तर अविचारी म्हणता येईल, अपराधी नव्हे. शिवाय उद्या ही क्रिया पूर्णपणे निर्धोक करण्याची युक्ती सापडली, तर मग ती योग्य ठरेल काय?

दुसरे उत्तर निसर्गाचे: हे कृत्रिम आहे म्हणून. हेही फार दूरवर टिकत नाही. डोंगरावर जाऊन राहिल्याने पेशी वाढतात, त्यास कोणी हरकत घेत नाही. सपाटीवरच्या घरात विरळ हवेचा तंबू उभारून त्यात झोपले तरी पेशी वाढू शकतात. या तंबूंवर बंदी घालावी की काय, याचा विचार जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने २००६ साली केला आणि अखेरीस ती घातली नाही. उलट निसर्गाचा न्याय तरी कोठे समान असतो? फिनलंडचा स्कीपटू एरो मँटीरान्टा याने १९६० ते १९६८ या काळात ऑलिंपिकची ७ पदके मिळविली. त्याच्या कुळात एक आनुवंशिक वैशिष्ट्य आहे, त्यामुळे त्याच्या शरीरात तांबड्या पेशी इतरांहून कितीतरी अधिक होत्या, असे १९९० च्या दशकातील संशोधनात आढळले. ज्यासाठी इतर जण गुपचूप सुई टोचून घेतात ते त्यास जन्मतःच लाभले होते. मग सुईवाल्याने म्हणावे की, दैवाने मला कमी दिले ते मी भरून घेतले, तर त्यास काय सांगाल?

तिसरे उत्तर नियमाचे: बंदी आहे म्हणून. नोकरीत नियमांशीच आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना हे उत्तर सोयीचे वाटते. पण मानिंकाने रक्त घेतले तेव्हा ते नियमाविरुद्ध नव्हते. १९८४ च्या अमेरिकन सायकलपटूंच्या वेळीही नव्हते. मग तो व्यवहार लपूनछपून का झाला? नियम होण्याआधीच काहीतरी चुकते आहे याची जाणीव सर्वांस होती. त्या जाणिवेतूनच नियम जन्मास आला.

या तिन्ही उत्तरांची ही उणीव हेरूनच काही विचारवंत निराळा मार्ग सुचवितात. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ ज्युलियन सॅवुलेस्क्यू यांनी २००४ साली आपल्या दोन सहकाऱ्यांसह असे प्रतिपादन केले की, बंदी उठवावी आणि केवळ सुरक्षिततेची मर्यादा घालावी. हिमॅटोक्रिट अमुक टक्क्यांपर्यंत चालेल. तो कसा वाढविला हे विचारू नये. युक्तिवाद कसलेला आहे, आणि त्यास अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहणे शक्य आहे. कारण आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९९७ साली ५० टक्क्यांची मर्यादा घातली होती. ईपीओवर बंदी होतीच, परंतु ते पकडता येत नसल्यामुळे, मर्यादा ओलांडणाऱ्यास प्रकृतीच्या कारणाने दोन आठवडे शर्यतीबाहेर ठेवावे असे ठरले. परिणाम काय झाला? मर्यादा हेच उद्दिष्ट बनले. रक्ताचे प्रमाण मोजणारी छोटी यंत्रे सोबत बाळगली जाऊ लागली, तपासनीस दारात येण्याआधी सलाइन चढवून रक्त पातळ केले जाऊ लागले, आणि प्रत्येक जण ५० च्या शक्य तितक्या जवळ जाऊ लागला. १९९९ च्या जून महिन्यात इटलीचा लाडका मार्को पान्तानी मायदेशातील शर्यत जवळजवळ जिंकलेली असताना बाहेर काढला गेला, तो ५२ टक्के भरल्यामुळे.

यात आणखी एक अन्याय दडलेला आहे. ज्याचे मूळचे प्रमाण ४२ आहे त्यास ५० पर्यंत जाण्यास ८ टक्क्यांची मोकळीक मिळते. ज्याचे ४८ आहे त्यास केवळ दोनाची. म्हणजे मर्यादेने मैदान सपाट होत नाही. औषध कोणाच्या अंगी अधिक लागते आणि कोणाचा डॉक्टर अधिक हुशार, यावर निकाल ठरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यास सुई नकोच आहे त्यास या व्यवस्थेत जागाच उरत नाही.

आमच्या मते खरे उत्तर येथे आहे. शर्यत हा एक करार आहे. शंभर-दोनशे माणसे एकत्र येतात आणि परस्परांस अध्याहृत शब्द देतात की, आपण सर्व जण आपापल्या देहाची आणि कष्टांची परीक्षा अमुक अटींवर पाहू. हा शब्द दिला नाही तर पहिला आणि शेवटचा यांत अर्थच राहत नाही. जो गुपचूप रक्त भरून घेतो तो स्वतःचे रक्त चोरत नाही हे खरे. तो चोरतो ते शेजाऱ्याचे ‘नको’ म्हणण्याचे स्वातंत्र्य. कारण त्याने घेतले की शेजाऱ्यासमोर दोनच मार्ग उरतात: आपणही घ्यावे, किंवा हरावे.

याचे उदाहरण म्हणून फ्रान्सचा क्रिस्तोफ बासों याचे नाव घ्यावेसे वाटते. १९९८ मध्ये फेस्टिना संघाची औषधांनी भरलेली मोटार सीमेवर पकडली गेली आणि मोठे प्रकरण उघडकीस आले. त्या संघात ईपीओ न घेणारा म्हणून बासोंचे नाव त्याच्या सोबत्यांनीच सांगितले. १९९९ च्या तूर द फ्रान्समध्ये त्याने वृत्तपत्रातील स्तंभातून शर्यतीच्या अविश्वसनीय वेगाविषयी लिहिले. बाकीच्या सायकलपटूंनी त्यास वाळीत टाकले. आघाडीवर असलेल्या लान्स आर्मस्ट्राँगने चालू शर्यतीत त्याच्याजवळ येऊन त्यास निघून जाण्यास सुनावले. बासों शर्यत अर्धवट सोडून घरी गेला. आर्मस्ट्राँग त्या वर्षी जिंकला आणि पुढील सहा वर्षेही जिंकत राहिला.

ज्यांनी कचेऱ्यांत दिवस काढले आहेत त्यांस हे चित्र अपरिचित वाटणार नाही. जेथे बहुतेक टेबलांवर पाकिटे सरकतात तेथे न घेणाऱ्याची अडचण इतरांस वाटते. तो काही बोलला नाही तरी त्याचे न घेणे हेच इतरांवर आरोपासारखे असते. मग त्यास हेकट म्हणतात, अव्यवहारी म्हणतात, त्याची बदली होते. ‘सगळेच घेतात’ हे वाक्य घेणारा माणूस समर्थन म्हणून उच्चारतो. वस्तुतः सगळ्यांनी घ्यावे यासाठी त्यानेही हातभार लावलेला असतो. पाकीट देणारा आणि घेणारा दोघे राजी असले, तरी रांगेत शांतपणे उभ्या राहिलेल्या तिसऱ्या माणसाचे नुकसान झालेलेच असते. रक्ताच्या पिशवीचेही तसेच आहे.

या तिसऱ्या माणसाचे नुकसान भरून निघत नाही. हॅमिल्टनने २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मिळविलेले सुवर्णपदक २०१२ साली काढून घेण्यात आले आणि ते रशियाच्या व्याचेस्लाव येकिमोव्ह याच्या नावे लागले. आठ वर्षांनी पदक देता येते, पण तो दिवस, ते व्यासपीठ आणि ते राष्ट्रगीत देता येत नाही. आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सात विजेतेपदे २०१२ मध्ये रद्द झाली. २०१३ च्या जानेवारीत त्याने स्वतः कबुली दिली. त्या सात वर्षांचा विजेता म्हणून दुसऱ्या कोणाचेही नाव लावण्यात आले नाही, कारण त्या काळातील इतरही अनेकांवर संशयाचे सावट होते. तूरच्या विजेत्यांच्या यादीत त्या सात ओळी आजही रिकाम्या आहेत. त्यांतील एखादी ओळ कदाचित एखाद्या प्रामाणिक माणसाची असेल, पण आता ते कोणास सांगता येणार?

प्रामाणिक माणसास आणखी एक किंमत मोजावी लागते. आपले स्वतःचेच रक्त भरून घेतले असता ते थेट ओळखणे फार कठीण आहे. म्हणून २००८ पासून सायकलपटूंच्या रक्ताची एक प्रकारची खातेवही ठेवली जाते. पुढे ती इतर खेळांतही आली. रक्त काढल्यावर अस्थिमज्जा घाईने नव्या पेशी बनविते; परत भरल्यावर ती सुस्तावते आणि कोवळ्या पेशी घटतात. एरवी तीन आठवड्यांच्या शर्यतीत पेशींचे प्रमाण हळूहळू उतरते. ते उतरलेच नाही तर शंका येते. शरीर आपल्या नोंदी सहसा खोट्या लिहीत नाही, असे म्हणावयास हरकत नाही. पण या नोंदींसाठी वरच्या दर्जाच्या निर्दोष खेळाडूसही रोजचा एक तास आपण कोठे असू हे आगाऊ कळवून ठेवावे लागते. काहींनी विश्वास मोडला, त्याचा कर सर्वांनी भरावयाचा.

कायद्याने हे सारे मिटेल असेही नाही. २००६ साली माद्रिदमध्ये डॉ. एउफेमियानो फुएन्तेस यांच्याकडे रक्ताच्या दोनशेहून अधिक पिशव्या सापडल्या. सार्वजनिक आरोग्यास धोका पोहोचविल्याबद्दल २०१३ मध्ये त्यांना शिक्षा झाली. परंतु २०१६ साली वरच्या न्यायालयाने, रक्त हे कायद्याच्या व्याख्येत औषध ठरत नाही, या आधारे त्यांस निर्दोष सोडले. जर्मनीत मात्र निराळे घडले. २०१९ मध्ये ऑस्ट्रियात स्कीच्या जागतिक स्पर्धेच्या वेळी एक खेळाडू दंडात सुई असतानाच पोलिसांच्या हाती लागला. त्या जाळ्याचा सूत्रधार असलेल्या एरफुर्टच्या डॉक्टरास २०२१ साली म्युनिकच्या न्यायालयाने ४ वर्षे १० महिन्यांचा कारावास दिला. आपल्या संसदेनेही २०२२ साली राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायदा केला. असे कायदे हवेतच. पण एका देशात जो सुटतो तो दुसऱ्या देशात तुरुंगात जातो, यावरून एवढे तर दिसते की नीतीचा निवाडा कायद्याच्या व्याख्येवर सोपवून आपणांस मोकळे होता येत नाही.

आपल्याकडे २००४ साली मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली. त्यानंतर गावोगावी लांब पल्ल्याच्या शर्यती भरू लागल्या आणि आपल्या घरांतील मुले-मुलीही पहाटे उठून धावू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांस औषधांचे धोके सांगितले पाहिजेतच. पण केवळ भीती घालून भागणार नाही, कारण धोका पत्करण्यात तरुणांस गोडी असते. त्यांना हेही सांगावे की, शर्यतीत आपल्या शेजारी धावणारा माणूस आपला शत्रू नसून त्या करारातील आपला सहभागी आहे. तो आपल्यावर विश्वास ठेवून धावतो आहे. ज्याने आपलेच रक्त उसने घेऊन त्यास हरविले, त्याने ती उसनवारी आपल्याकडून केली असे त्यास वाटते. वस्तुतः ते कर्ज त्या शेजाऱ्याच्या नावावर चढलेले असते, आणि फेडतोही तोच.